आधी कार्ड दाखवा

माझ्या मुलाने त्या रात्री तीनच शब्द उच्चारले होते : "आधी कार्ड दाखवा." त्यावर त्याच्या डाव्या कानाखाली जी बसली, तिचा आवाज त्याला पुढे दहा-बारा दिवस ऐकू येत होता. शीळ घातल्यासारखा, झोपेतसुद्धा.

गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. दुरुस्त झालेले फोन गिऱ्हाइकांच्या घरी पोचवणं हे त्याच्याकडे होतं. त्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास तो स्कूटरवरून निघाला, पाठीवरच्या सॅकमध्ये तीन फोन, खोक्याविना, नुसते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. आमच्या वस्तीच्या अलीकडच्या वळणावर एका मोटरसायकलने त्याला आडवी गाडी घातली. गाडीवर दोघे. एकाच्या अंगात काळा टी-शर्ट, दुसऱ्याच्या चौकड्यांचा शर्ट आणि पायात सँडल. मागचा उतरला आणि काही बोलायच्या आधी त्याने स्कूटरची चावी काढून घेतली. "लायसन काढ. सॅकमध्ये काय आहे?"

मुलगा घाबरला. का घाबरला ते सांगायला मला दोन वर्षं मागं जावं लागेल.

२०२२ च्या दिवाळीआधी माझ्या आईला अशाच दोघांनी भर रस्त्यात थांबवलं होतं. सकाळची दहाची वेळ, आई देवळातून परत येत होती. "आजी, आम्ही साध्या वेशातले पोलीस. पुढच्या गल्लीत खून झालाय, दागिने अंगावर ठेवून कुठं निघालात? काढा, रुमालात बांधून देतो." एकाने खिशातून कसलंसं कार्ड काढून डोळ्यांसमोरून फिरवलं. आईने चार तोळ्यांच्या बांगड्या काढून दिल्या. घरी येऊन रुमाल सोडला तर आत चार खडे आणि वर्तमानपत्राचा बोळा. आई त्या दिवशी जेवली नाही. बांगड्यांपेक्षा तिला जास्त लागलं ते हे, की तिने स्वतःच्या हाताने काढून दिल्या. तक्रार द्यायला गेलो तेव्हा पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि अगदी मायेने म्हणाले, "आजी, ओळखपत्र नीट मागायचं. हातात घेऊन बघायचं. पोलीस म्हटला म्हणून विश्वास नाही ठेवायचा." पुढच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर पत्रक लागलं. पोलीस ठाण्याचंच. साध्या वेशातील कोणी पोलीस असल्याचं सांगितलं तर ओळखपत्र मागा, खात्री करा, संशय आल्यास ११२ वर फोन करा. आईने ते पत्रक नातवाला वाचून दाखवायला लावलं होतं. त्यानंतर तो घराबाहेर पडला की तिचं एकच पालुपद : "कुणी पोलीस म्हणालं तर आधी कार्ड."

म्हणून त्याने कार्ड मागितलं. कायदा माहीत होता म्हणून नव्हे, आजीने सांगितलं होतं म्हणून.

चौकड्यांच्या शर्टवाल्याने उत्तर म्हणून कानाखाली मारली. मुलाची खात्रीच पटली की हे चोर आहेत. तो समोरच्या औषधाच्या दुकानाकडे धावला, कारण त्या पट्ट्यात तेवढ्याच दुकानात उजेड होता. दहा पावलांत त्याला पकडलं, पाठीत बुक्के घातले. दोन-चार माणसं जमली तेव्हा टी-शर्टवाला ओरडला, "पोलीस आहोत, लांब व्हा." आणि माणसं लांब झाली. मुलगा सांगतो, दुकानाचे काका काउंटरच्या मागून बाहेर आले आणि शटर अर्धं खाली घेतलं. त्याला मध्ये बसवून मोटरसायकलवरून नेलं. वाटेत गाडी कुठं वळते यावर त्याचं सगळं लक्ष होतं. ती पोलीस ठाण्याच्या फाटकातून आत शिरली तेव्हा त्याला हायसं वाटलं. मारणारे पोलीस आहेत हे कळून पोराला हायसं वाटावं, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले.

मला फोन आला दहा वीसला, अनोळखी नंबरवरून. एका शिपायाने आपला फोन त्याला दिला होता. तो शिपाई कोण ते मला आजही माहीत नाही, पण त्याचे उपकार मी मानते. मी आणि माझे दीर पोचलो. ठाणे अंमलदार शांतपणे म्हणाले, "अटक नाहीये ताई. चौकशीला आणलंय."

या एका शब्दात सगळी मेख आहे, आणि ती मला नंतर वाचून-वाचून कळली. अटक करायची तर नियम आहेत. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली, आणि १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अकरा अटी घालून दिल्या. त्यातली पहिलीच अट अशी की अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी हवी. अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, घरच्यांना कळवायला हवं. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६ मध्ये हे लिहिलेलंच आहे. अटक न करता बोलवायचं असेल तर कलम ३५ खाली लेखी नोटीस, आणि साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश. पण "चौकशीला आणलंय" म्हटलं की अटक नाही, म्हणून पंचनामा नाही, नोटीसही नाही, आणि अटकेनंतर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं असतं, ते घड्याळसुद्धा सुरू होत नाही. माणूस तर समोरच्या बाकावर बसलेला दिसतोय, आणि कागदावर तो तिथं नाहीच.

लायसनचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मध्ये परवाना दाखवायची सक्ती आहे ती गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितला तर. गणवेशातल्या, हा शब्द कायद्यातच आहे. साध्या कपड्यांतल्या माणसाने रस्त्यात चावी काढून लायसन मागायचं, याला त्या कलमात आधार नाही.

दुकानाचे मालक बिलं आणि दुरुस्तीच्या पावत्या घेऊन आले, फोन गिऱ्हाइकांचेच आहेत हे सिद्ध झालं, आणि बारा चाळीसला मुलाला सोडलं. सोडताना त्याच्याकडून कोऱ्या कागदावर लिहून घेतलं : "मला चौकशीसाठी आणले होते. मला कोणतीही मारहाण झालेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." तो लिहीत होता तेव्हा मी शेजारी उभी होते. त्याचा हात थरथरत होता आणि "विरुद्ध" हा शब्द त्याने दोनदा खोडून लिहिला. मी अडवलं नाही. तेव्हा मला फक्त त्याला घेऊन घरी जायचं होतं.

रिक्षात बसल्यावर मात्र मी रिक्षा सरकारी रुग्णालयाकडे वळवायला सांगितली. कुणाला अशी वेळ आली तर एवढं एक जरूर लक्षात ठेवा : त्याच रात्री जा. अपघात विभागातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "एमएलसी करायची का?" म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद. मी हो म्हटलं. कानाच्या पडद्याला सूज, पाठीवर तीन ठिकाणी मुका मार, वेळ रात्री एक पस्तीस. पुढे सात महिने या प्रकरणात जे काही टिकलं, ते त्या एका कागदाच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी घरात खल झाला. दिरांचं म्हणणं, पोरगं घरी आलं, विषय संपला. "पोलिसांशी वैर घेऊन राहायचं कुठं? उलट तीनशे त्रेपन्न लावतील." हे कलम कायदा न शिकलेल्यालाही तोंडपाठ असतं. आता जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक १३२ झालाय, पण लोकांच्या जिभेवर अजून ३५३ च आहे : शासकीय कामात अडथळा आणण्यासाठी बळाचा वापर. पळायला लागलेल्या मुलाने हात झटकला असेलच ना? मग झालं. दिरांनी सांगलीचंही काढलं. २०१७ साली तिथं कोठडीत एक तरुण मेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या प्रकरणात पोलिसांनाच अटक झाली होती. "आपलं पोरगं चालत घरी आलंय," दीर म्हणाले. ते भित्रे नाहीत. पण आपल्याकडे पोलीस ठाण्यातून माणूस चालत परत आला की ती मेहरबानी समजायची इतकी सवय झालीय, की ते बोलले ते घरातल्या कुणालाच खटकलं नाही.

मला खटकलं ते आईच्या चेहऱ्याकडे बघून. ती कोपऱ्यात बसून म्हणत होती, "मीच सांगितलं त्याला. माझ्यामुळे मार खाल्ला त्याने."

तेव्हा ठरवलं, अर्ज करायचा.

मी सरकारी कचेरीत २२ वर्षं आवक-जावक विभागात काढली आहेत. अर्ज तोंडी चालत नाही, अर्जाला पोच लागते, पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख लागते, हे माझ्या हाडात आहे. तिसऱ्या दिवशी दोन प्रती घेऊन गेले. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज, पोलीस उपायुक्तांना प्रत. सोबत एमएलसीची छायाप्रत, आणि सोसायटीच्या फलकावरून काढून आणलेलं ते पत्रक, "सहपत्र क्र. २" म्हणून. अर्जात मी एकही विशेषण घातलं नाही. वेळ, ठिकाण, कपडे, मोटरसायकलला पुढं नंबरप्लेट नव्हती ही गोष्ट, आणि एक वाक्य : आपल्या कार्यालयाने दिलेल्या सूचनेनुसार माझ्या मुलाने ओळखपत्र मागितले असता त्यास मारहाण झाली.

आवक टेबलवरच्या कर्मचाऱ्याने अर्ज वाचला आणि शिक्का उचललेला हात परत खाली ठेवला. "साहेब आल्यावर बघू." दोन तास बसले. साहेब मागच्या दाराने गेले. तो गोल शिक्का, जांभळ्या शाईचा पॅड, माझ्यापासून हातभर अंतरावर होता. इतकी वर्षं मी असे शिक्के मारले, कुणाला ताटकळत ठेवलं असेल का, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. शेवटी उठले, पोस्टात गेले आणि दोन्ही अर्ज रजिस्टर एडीने पाठवले. पोचेची गुलाबी कार्डं आठवड्यात परत आली, सही-शिक्क्यासह. हातोहात पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका, पोस्ट आहे.

दुसरं काम सीसीटीव्हीचं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिलाय की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, ठाण्याचा कोणताही भाग सुटता कामा नये आणि चित्रीकरण अठरा महिने जपून ठेवायला हवं, ती सोय नसेल तिथं कमीत कमी एक वर्ष. म्हणून अर्जातच लिहिलं होतं की त्या रात्रीचं चित्रीकरण जतन करून ठेवावं. मग माहिती अधिकारात दोन वेगळे अर्ज, दहा-दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात चित्रीकरण, दुसऱ्यात त्या रात्री आठ ते एकची ठाणे दैनंदिनी, म्हणजे स्टेशन डायरी. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि तो एकाच विषयाचा लागतो, म्हणून दोन.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. डायरीचा उतारा दिला होता. चित्रीकरण नाकारलं, कलम ८(१)(ज) दाखवून : तपासात अडथळा येईल. पण तपास कसला? गुन्हाच नोंदवलेला नव्हता. पहिल्या अपिलात मी तेवढंच विचारलं. अपील ऐकणारे अधिकारी माझं म्हणणं ऐकून थोडा वेळ कागदांकडे बघत राहिले आणि त्यांनी चित्रीकरण कार्यालयात बसून पाहू देण्याचा आदेश दिला. त्यांनी मनावर घेतलं नसतं तर मला आणखी वर्षभर राज्य माहिती आयोगाच्या तारखेची वाट बघावी लागली असती.

मार्च २०२५ मध्ये ते चित्रीकरण पाहिलं. छोटी खोली, पडद्यावर चार चौकटी, आवाज नाही. कोपऱ्यात वेळ पळतेय. २०:५२ ला दारातून तिघं आत येतात. मध्ये माझा मुलगा, डावा हात कानावर दाबलेला. टी-शर्टवाल्याने त्याची मानगूट धरलीय. जिन्याजवळ एकजण त्यांना बघून बाजूला होतो. मग ते डीबीच्या खोलीकडे वळतात आणि चौकटीतून नाहीसे होतात. डीबी म्हणजे गुन्हे शोध पथक, साध्या वेशात फिरणारे लोक त्याच पथकातले. त्या खोलीत कॅमेरा नव्हता. पुढचा दीड तास मी त्या बंद दाराकडे बघत बसले. कर्मचारी म्हणाला, "पुढे सरकवू का?" मी नको म्हटलं. दार दोनदा उघडलं, दोन्ही वेळा चहावाला पोऱ्या. २२:१६ ला मुलगा बाहेर येऊन बाकावर बसला. सॅक नव्हती, चष्मा हातात होता. चष्म्याची काडी तुटली होती हे त्याने मला सांगितलंच नव्हतं. ००:४१ ला आम्ही बाहेर पडताना दिसतो.

आता डायरी. डायरीत नोंद होती : रात्री बारा पंधरा वाजता संशयित इसमास चौकशीकामी आणले, समाधानकारक खुलासा मिळाल्याने बारा पस्तीस वाजता सोडले. वीस मिनिटं. पडद्यावर मी पावणेचार तास मोजले होते. कागदावरच्या आणि चित्रातल्या या वेळा शेजारी-शेजारी लिहून मी उपायुक्तांना दुसरा अर्ज केला, आणि मगच सहायक पोलीस आयुक्तांकडे चौकशी लागली.

एप्रिलमध्ये जबाब झाले. त्या दिवशी ते दोघे मला पहिल्यांदा गणवेशात दिसले. छातीवर नावाची पट्टी. एक हवालदार, एक शिपाई. पाच महिने मी त्यांना "काळा टी-शर्ट" आणि "चौकडा शर्ट" म्हणत होते, आणि ती पट्टी वाचल्यावर एकदम त्यांना घर आलं, आडनाव आलं, गाव आलं. पट्टीचा उपयोग एवढाच असतो बहुतेक, समोरचा माणूस कुणीतरी आहे आणि उद्या त्याला विचारता येईल, हे दोघांनाही कळावं.

जबाबात हवालदारांनी सांगितलं की कार्ड दाखवलं होतं. मुलाने सांगितलं, नव्हतं. मधल्या सुटीत ते व्हरांड्यात माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले. मला उठून जावंसं वाटलं, पण बसले. ते म्हणाले, "ताई, वर्दीत गेलो तर चेन ओढणारा चार गल्ल्या आधीच पसार होतो. त्या आठवड्यात आमच्या हद्दीत अकरा मोबाइल गेले होते. पोराच्या सॅकमध्ये तीन सुटे फोन. मी सोडायचं होतं का?"

नव्हतं सोडायचं. मी त्यांना तसंच म्हटलं. साध्या वेशात फिरल्याशिवाय ते काम होत नाही हे मला मान्य आहे. माझ्या आईच्या बांगड्यांचे चोर पकडायलाही अशीच माणसं लागतील. संशयाला जागा होती, अडवणं बरोबर होतं. मी विचारलं, "पण अडवल्यावर? तो तुमच्या हातात होता, चावी तुमच्याकडे होती. तेव्हा कार्ड दाखवायला काय गेलं असतं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कार्ड मागितलं की वाटतं समोरचा चॅलेंज करतोय. त्या वेळी डोक्यात तेवढंच असतं." आणि मग, मी मागितलं नसताना, त्यांनी पाकिटातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

ते कार्ड मी नीट पाहिलं. लॅमिनेशनच्या कडा सुटलेल्या, फोटो पंधरा वर्षं तरुण, अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर, सहीची शाई पसरलेली. बावीस वर्षं सरकारी शिक्के हाताळलेली मी, मला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं की हे खरं आहे. माझ्या आईसमोर त्या चोरांनी जे फिरवलं तेही असंच काही असणार. म्हणजे रस्त्यावर, अंधारात, वीस वर्षांच्या मुलाला हे कार्ड दाखवलं असतं तरी त्याला काय कळलं असतं? तेव्हापासून मी घरच्यांना, ओळखीपाळखीच्यांना एवढंच सांगते की कार्ड मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. ११२ ला फोन लावा, जागा सांगा, नाव आणि बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) सांगा आणि विचारा की हे तुमचेच का. खऱ्या पोलिसाचं त्यात दोन मिनिटांपलीकडे काही जात नाही. खोट्याला मात्र न्याय संहितेच्या कलम २०४ खाली कमीत कमी सहा महिने आहेत, तो फोन लागेपर्यंत थांबणारच नाही. आणि जमेल तितकं उजेडात, माणसांत उभं राहा.

हे मी कुणाला शिकवायचं म्हणून लिहीत नाही. पोलिसांनीच आपल्याला हे शिकवलंय. त्याच २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये डिजिटल अटकेबद्दल सावध केलं होतं : फोनवर पोलीस असल्याचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, थांबा, विचार करा. सगळीकडून एकच सांगणं की पोलीस म्हणवणाऱ्याची खात्री करा. मग खात्री करायला गेलेल्याच्या कानाखाली मारलं, तर ती शिकवण कुणाच्या कामाची? तोतयांना ह्याचाच फायदा होतो. खरा पोलीस कार्ड न दाखवता दरडावतो हे लोकांना ठाऊक असतं, म्हणून खोटा दरडावला की लोक कार्ड मागत नाहीत. माझी आई याच कारणाने फसली. तिने मला नंतर कबूल केलं, "चिडतील म्हणून हातात मागितलं नाही गं."

जूनमध्ये चौकशीचा निष्कर्ष कळवणारं पत्र आलं. स्टेशन डायरीत चुकीची नोंद घेतल्याबद्दल एका कर्मचाऱ्याला सक्त ताकीद. शिपायाची मुख्यालयात बदली. मारहाणीबाबत : अर्जदाराच्या मुलाने तक्रार नसल्याचे स्वहस्ते लिहून दिले आहे, तथापि वैद्यकीय अहवाल विचारात घेता हवालदारास समज देण्यात आली आहे. आणि ओळखपत्राबाबत : परस्परविरोधी जबाब असल्याने व स्वतंत्र साक्षीदार उपलब्ध नसल्याने निष्कर्ष काढता येत नाही.

हे शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. मला कुणाची नोकरी घालवायची नव्हती. अर्जाचा मुद्दाच तो एक होता आणि नेमका तोच रिकामा राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी जे सात निर्देश दिले, त्यातल्या एकाप्रमाणे प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण हवं. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात. हे प्राधिकरण आहे हेच मला पन्नाशीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी सरकारी नोकर. ऑगस्टमध्ये प्रतिज्ञापत्रासह तिथं तक्रार पाठवली. आता नोटीस आलीय, सुनावणीची तारीख पडलीय. मुलाने रजा टाकलीय.

"स्वतंत्र साक्षीदार" हे दोन शब्द मात्र डोक्यातून जात नव्हते. औषधाच्या दुकानात मी त्या घटनेच्या आठवड्यातच जाऊन आले होते. तेव्हा दुकानाचे मालक हात जोडून म्हणाले होते, "ताई, मला रोज इथंच शटर उघडायचंय." मी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. औषधं मात्र त्यांच्याकडूनच आणत राहिले, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दर महिन्याला.

गेल्या सोमवारी गोळ्या घ्यायला गेले. गर्दी नव्हती. त्यांनी बिल केलं, सुटे पैसे दिले आणि विचारलं, "ते पोराचं अजून चालू आहे का?" मी तारीख सांगितली. त्यांनी बिल परत मागून घेतलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहिला. सावकाश, छापील अक्षरात.

"मी शटर खाली घेत होतो तेव्हा ऐकलं होतं," ते म्हणाले. "कार्ड दाखवा, कार्ड दाखवा, दोनदा म्हणाला तो. त्यांनी दाखवलं नाही. बोलावलं तर येतो."